संगणकाच्या जाळ्यावरून संभाषण : एका साध्या आज्ञावलीची रचना

व्यापारात बोललेल्या शब्दाला मोल असते. माल अद्याप वखारीत असतो, रक्कम अद्याप पेढीवर असते, आणि तरीही दोन माणसांच्या बोलण्याने सौदा ठरून गेलेला असतो. त्यामुळे दूरच्या माणसाशी बोलण्याचे जे जे साधन निघाले, ते आपलेसे करण्यात व्यापारी वर्ग कधी मागे राहिला नाही. तार आली, ट्रंक कॉल आला. १९६० साली कानपूर व लखनौ या शहरांमध्ये मध्यस्थावाचून थेट क्रमांक फिरविण्याची सोय झाली आणि पुढे ती देशभर पसरली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. जुनी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज आपण ज्या फोनवर परगावच्या आडत्याशी किंवा परदेशी गेलेल्या मुलाशी बोलतो, त्यातील बराचसा आवाज संगणकांच्या जाळ्यावरूनच वाहत असतो.

नागपूर-हैदराबाद महामार्गावर, आदिलाबादच्या दक्षिणेस, जेथून उटनूरचा रस्ता फुटतो, तेथे आमचे गुडीहत्नूर वसले आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तेव्हापासून पैनगंगेच्या पलीकडचे सोयरे महाराष्ट्रात आणि अलीकडचे आधी आंध्र प्रदेशात व २०१४ पासून तेलंगणात, अशी आपल्या घरांची विभागणी झालेली आहे. नांदेड, यवतमाळ, नागपूर, हैदराबाद या सर्व दिशांशी आपला नित्य संबंध येतो. तेव्हा हे बोलणे जाळ्यावरून नेमके कसे जाते, आणि आपल्या घरातील संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना तसे बोलण्याचे साधन स्वतः रचता येईल काय, हा विषय या स्मरणिकेत मांडावा असे आम्हांस वाटले. उत्तर असे की रचता येते, आणि ते फारसे कठीण नाही. मात्र त्यात एक निर्णय असा आहे की तो व्यापाऱ्याच्या स्वभावाच्या अगदी उलट जातो. तो निर्णय का घ्यावा लागतो आणि त्यापासून कोणती सावधगिरी शिकावी, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

आवाजाचे आकडे कसे होतात

आवाज म्हणजे हवेतील दाबाची लाट. मायक्रोफोन त्या लाटेचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि संगणक ठराविक अंतराने तो चढउतार मोजून त्याचे आकडे करतो. वाहत्या धान्याच्या राशीतून बंबी घालून वेळोवेळी नमुना काढावा, तशीच ही कृती आहे. म्हणून प्रत्येक आकड्याला नमुना असेच म्हणतात. लाटेचे सर्वांत जलद कंपन जितके असेल, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले तर त्या आकड्यांवरून मूळ लाट पुन्हा उभी करता येते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

दूरध्वनीच्या जुन्या व्यवस्थेत सेकंदाला ३,४०० कंपनांपर्यंतचाच आवाज पुढे पाठवीत, म्हणून तेथे सेकंदाला ८,००० नमुने पुरेसे झाले. प्रत्येक नमुन्यास ८ बिट दिले म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट होतात. १९७२ साली ठरलेले हे प्रमाण पुढे जगभरच्या दूरध्वनीत रूढ झाले. परंतु स, श, फ यांसारख्या वर्णांची ओळख पटविणारी कंपने याहूनही वरची असतात, आणि म्हणूनच दूरध्वनीवर नावे व आकडे पुनःपुन्हा विचारावे लागत. आपल्या आज्ञावलीत सेकंदाला १६,००० नमुने घ्यावेत आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट, म्हणजे २ बाइट, द्यावेत. आवाज पुष्कळच स्पष्ट येतो.

हे आकडे एकेक करून पाठविणे परवडत नाही. २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे, नमुने एकत्र बांधून त्यांचे एक पुडके करतात. १६,००० चा पन्नासावा भाग ३२०. म्हणजे एका पुडक्यात ३२० नमुने, अर्थात ६४० बाइट, आणि सेकंदाला अशी ५० पुडकी. प्रत्येक पुडक्यावर पत्ता, क्रमांक इत्यादी मजकुराचे सुमारे ४० बाइट चढतात. ६८० बाइट गुणिले ५० गुणिले ८, असा हिशेब केल्यास सेकंदाला २,७२,००० बिट एका दिशेने वाहतात. तासाला सुमारे १२२ मेगाबाइट. दोन्ही दिशा धरल्या तर हे दुप्पट होईल. सराव म्हणून एवढे चालते. बचत कशी करावी ते पुढे येईल.

दोन वाटा : पैठेची आणि बिनपैठेची

आता पुडके जाळ्यात सोडावयाचे. येथे दोन वाटा आहेत, आणि त्यांतील भेद हुंडीचा व्यवहार ज्यांनी पाहिला किंवा वाडवडिलांकडून ऐकला आहे त्यांना चटकन समजेल. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पैठ, लिहून देत. तीही हरवली तर परपैठ लिहीत. रक्कम पोहोचलीच पाहिजे, मग चार दिवस उशीर झाला तरी चालेल, हे त्यामागील तत्त्व होते.

जाळ्यावरील पहिली वाट अशीच आहे. तिला टीसीपी म्हणतात. प्रत्येक भागाची पोच मागविली जाते. पोच न आल्यास पैठ निघते, तीही न पोहोचल्यास परपैठ निघते, आणि घेणाऱ्याच्या हाती सर्व मजकूर मूळच्याच क्रमाने दिला जातो. बँकेचा व्यवहार, पत्रे, कागदपत्रे ही सर्व याच वाटेने जातात. दुसऱ्या वाटेचे नाव यूडीपी. हिच्यात पोच नाही आणि पैठही नाही. पुडके सोडून दिले की पाठविणाऱ्याचे काम संपले; ते पोहोचेल, हरवेल किंवा मागाहून निघालेल्या पुडक्याच्या नंतर येईल.

सावध व्यापारी अर्थातच पहिली वाट निवडील. संभाषणासाठी मात्र ती घातक ठरते. समजा, ३७ क्रमांकाचे पुडके वाटेत हरवले. ३८, ३९, ४० ही पुडकी येऊन पोहोचली आहेत. पण टीसीपी क्रम मोडीत नाही, म्हणून ३७ ची पैठ येईपर्यंत ती सर्व दारातच अडकून पडतात. ऐकणाऱ्याच्या कानी शांतता येते. मग पैठ पोहोचते आणि साचलेला सर्व आवाज एकदम हाती पडतो. तो सावकाश वाजविला तर संभाषण तेवढे मागे पडते, आणि दर हरवलेल्या पुडक्यागणिक ही मागासी वाढतच जाते. थोड्याच वेळात दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

हरवलेले पुडके आवाजाच्या पन्नासाव्या भागाएवढे असते. ते मुळीच आले नाही तर कानाला बहुधा कळतही नाही. उशिरा आलेल्या पुडक्याचा मात्र काहीच उपयोग नसतो. आगगाडी निघून गेल्यावर फलाटावर पोहोचलेल्या गाठोड्यासारखी त्याची गत होते. म्हणून बोलण्याच्या आज्ञावलीत यूडीपी घ्यावे आणि हरवले ते हरवले असे म्हणून पुढे चालावे. एकही नोंद न सोडणे हा ज्याचा धर्म, त्या वहीच्या माणसाला हे मानवणे जड जाते. पण वेळेवर येणे हेच येथे पूर्ण येण्याहून मोलाचे आहे.

ही वाट आवाजासाठीच उघडली

हा विचार आजचा नाही. अमेरिकेतील आर्पानेट या संशोधनासाठी उभारलेल्या जाळ्यावर १९७४ साली पुडक्यांतून चालते संभाषण प्रथम साधले. कॅलिफोर्नियातील इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा या त्यात प्रमुख होत्या. इन्स्टिट्यूटमधील डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने त्यासाठीचे नियम बांधले, आणि ते १९७७ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी जाळ्याची नवी नियमावली घडत होती व तिच्यात सर्व मजकूर पोच-पैठेसह नेण्याची एकच तजवीज होती. आवाजाला अशी सक्ती नको, त्याला सुटी वाट हवी, असा आग्रह कोहेन आणि त्याच्या मताच्या इतरांनी धरला. १९७८ साली नियमावलीचे दोन भाग झाले : नुसते पुडके वाहून नेणारा एक आणि पोच-पैठेचा हिशेब ठेवणारा दुसरा. यूडीपीचा नियम १९८० साली प्रसिद्ध झाला. आज आपण हातातील फोनवर परगावी बोलतो तेव्हा बहुधा त्याच सुट्या वाटेने बोलत असतो.

त्या वेळची जाळी आजच्या मानाने फारच अरुंद होती, म्हणून आवाज दाबून लहान करणे भाग होते. या विद्येत एका भारतीयाचे कार्य मोठे आहे. कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन करून १९६१ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत गेले. बोलण्यातील पुढचा नमुना मागील काही नमुन्यांवरून बराचसा वर्तविता येतो. तेव्हा सर्व नमुने न पाठविता वर्तविण्याची सूत्रे आणि उरलेला फरक एवढेच पाठवावे, या पद्धतीचा त्यांनी विकास केला. जपानमध्ये इताकुरा व सायतो यांनीही स्वतंत्रपणे याच दिशेने काम केले होते. १९८५ साली अटल आणि श्रोडर यांनी मांडलेल्या पद्धतीवर पुढे मोबाइल फोनमधील आवाजाची अनेक प्रमाणे उभी राहिली.

आज या कामासाठी ओपस नावाचे, २०१२ साली प्रमाण झालेले, सर्वांस मोफत वापरता येणारे साधन उपलब्ध आहे. त्याने सेकंदाला २४,००० बिटांत उत्तम आवाज बसतो. मग एका पुडक्यातील आवाज ६४० ऐवजी ६० बाइटांत मावतो. पत्त्याचे ४० मिळवून १०० बाइट. सेकंदाला ४०,००० बिट, आणि तासाला १२२ ऐवजी १८ मेगाबाइट. यात मालाच्या मानाने वेष्टनाचा भार कसा वाढला, हेही वाचकांनी पाहावे : शंभरांतील चाळीस बाइट नुसते वेष्टन आहे.

आज्ञावलीची रचना

पायथन ही भाषा शिकण्यास सोपी आहे. तिच्यात जाळ्याशी व्यवहार करण्याची सोय अंगचीच आहे आणि मायक्रोफोन व ध्वनिवर्धक हाताळण्यासाठी तयार संच मोफत मिळतात. प्रथम दाबण्याची विद्या बाजूस ठेवून, दुकानातील एकाच वायफायवरील दोन संगणकांत बोलणे साधावे. आज्ञावलीत तीन कामे एकाच वेळी चालली पाहिजेत, आणि एकाने दुसऱ्याचा खोळंबा करता कामा नये.

पहिले काम पाठविणाऱ्याचे. मायक्रोफोनकडून ३२० नमुने घ्यावेत. त्यांच्या आधी पुडक्याचा क्रमांक लिहावा. आणि यूडीपीच्या वाटेने दुसऱ्या संगणकाच्या पत्त्यावर, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५ या पत्त्यावरील ५००४ क्रमांकाच्या पोर्टवर, सोडून द्यावे. क्रमांक एकाने वाढवावा व पुन्हा आरंभ करावा. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीतील निरनिराळ्या गाळ्यांचे क्रमांक समजावे. पत्ता इमारत दाखवितो, पोर्ट गाळा दाखविते.

दुसरे काम घेणाऱ्याचे. ५००४ या पोर्टवर कान देऊन बसावे. पुडके आले की त्यावरील क्रमांक वाचून ते त्या क्रमांकाच्या खणात ठेवावे. ज्याची वाजविण्याची वेळ टळून गेली असेल ते फेकून द्यावे.

तिसरे काम वाजविणाऱ्याचे. दर २० मिलिसेकंदांनी ज्या क्रमांकाची पाळी असेल त्या खणातील नमुने ध्वनिवर्धकास द्यावेत. खण रिकामा असेल तर थांबू नये. मागील पुडकेच किंचित हळू करून पुन्हा वाजवावे. लागोपाठ काही खण रिकामे निघाल्यास आवाज क्रमाने उतरवीत शांतता द्यावी.

क्रमांकासाठी २ बाइट राखून ठेवण्याची पद्धत आहे. त्यांत ० ते ६५,५३५ एवढेच आकडे बसतात. सेकंदाला ५० पुडकी या वेगाने हे आकडे २१ मिनिटे ५१ सेकंदांत संपतात आणि पुन्हा शून्यापासून आरंभ होतो. ज्याने याची तजवीज केली नाही, त्याची आज्ञावली शून्य क्रमांकाचे नवे पुडके जुने समजून फेकू लागते, आणि पहिली वीस मिनिटे सुरळीत चाललेले बोलणे बाविसाव्या मिनिटास अकस्मात बंद पडते. म्हणून ६५,५३५ च्या नंतर येणारा शून्य हा पुढचाच आकडा मानावा, असा नियम लिहून ठेवावा.

राखीव साठा आणि उशिराचा हिशेब

पुडकी सारख्या अंतराने निघतात, पण सारख्या अंतराने पोहोचत नाहीत. एकास १५ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्यास ४५. आलेले पुडके लगेच वाजवू लागल्यास आवाज तुटक येतो. म्हणून वाजविणाऱ्याने आरंभी तीन पुडक्यांचा, म्हणजे ६० मिलिसेकंदांचा, साठा जमू द्यावा आणि मग वाजविण्यास लागावे. आवक कमीजास्त झाली तरी गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून दुकानात थोडा माल शिल्लक ठेवतात, त्याचेच हे रूप आहे. साठा मोठा ठेवला तर तूट येत नाही, पण बोलणे उशिरा पोहोचते; लहान ठेवला तर उशीर टळतो, पण तूट येते. चांगली आज्ञावली आवकेकडे पाहून हा साठा कमीजास्त करीत राहते.

एकंदर उशीर किती चालेल? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे तोंडापासून कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत शब्द पोहोचला तर संभाषणास बहुधा बाधा येत नाही. ४०० च्या पुढे गेल्यास तो सहसा स्वीकारू नये. आपला हिशेब असा मांडावा : पुडके भरण्यास २०, जाळ्यातील प्रवासास ३०, राखीव साठ्यास ६० आणि दोन्हीकडील ध्वनियंत्रणेस मिळून ३०, एकूण १४०. मर्यादेत बसले, पण हात सैल सोडण्यास जागा नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंदच लागतात; उशिराचा बहुतेक भाग आपल्याच दाराशी होतो, हे यावरून दिसेल. पुणे जिल्ह्यातील आर्वीच्या विक्रम भू-केंद्रावरून उपग्रहामार्फत परदेशी बोलणे होत असे, तेव्हाची गोष्ट निराळी होती. जवळजवळ ३६,००० किलोमीटर वर जाऊन तितकेच खाली यावयाचे, म्हणजे एका दिशेसच पाव सेकंद, आणि प्रश्नास उत्तर मिळण्यास अर्धा सेकंद. ज्यांनी त्या काळी परदेशी फोन केले असतील त्यांना तो मधला अवघडलेला क्षण आठवत असेल.

आणखी दोन बारकावे सांगावयाचे आहेत. दोन संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. एक सेकंदाला १६,००० नमुने घेतो आणि दुसरा १६,००१ वाजवितो, असे झाल्यास तासाभरात ३,६०० नमुन्यांचा, म्हणजे जवळजवळ पाव सेकंदाचा, फरक पडतो. म्हणून मधूनमधून शांततेच्या जागी एखादे पुडके वाढवून अथवा वगळून मेळ घालावा. दुसरे असे की ध्वनिवर्धकातून आलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून बोलणाऱ्यास स्वतःचेच शब्द ऐकू येतात. हा प्रतिध्वनी गणिताने काढून टाकता येतो, पण ते काम अवघड आहे. शिकणाऱ्याने कानात हेडफोन घालावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

७,१२१ की ७,५२१?

येथवर आम्ही हरवलेल्या पुडक्याची खंत करू नये असे सांगितले. गप्पा, ख्यालीखुशाली, विचारविनिमय यांस ते पूर्णपणे लागू आहे. आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने दुसरी बाजू पाहू. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने कापसाचे जे किमान आधारभाव जाहीर केले, त्यांत मध्यम धाग्याचा भाव क्विंटलला ७,१२१ रुपये आणि लांब धाग्याचा ७,५२१ रुपये होता. हे दोन्ही भाव तोंडाने म्हणून पाहावेत : सात हजार एकशे एकवीस, सात हजार पाचशे एकवीस. अवघ्या एका शब्दाचा फरक. तो शब्द उच्चारण्यास सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे पंधरासोळा पुडकी, लागतात. वायफाय क्षणभर दुबळे झाले किंवा मोबाइल एका मनोऱ्यावरून दुसऱ्याकडे गेला की तेवढी पुडकी एकदम जाऊ शकतात. शंभर क्विंटलांच्या सौद्यात त्या एका शब्दाची किंमत चाळीस हजार रुपये होते.

यात आणखी एक धोका दडलेला आहे. जुन्या ट्रंक कॉलवर खरखर होई, आणि ऐकणाऱ्यास कळे की आपल्याला नीट ऐकू आले नाही. तो पुन्हा विचारी. आताची आज्ञावली रिकामा खण इतक्या सफाईने भरते की काही हरवले आहे याची जाणीवच होत नाही. मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ओपसच्या १.५ या आवृत्तीत तर हरवलेला आवाज कसा असावा याचा अंदाज बांधून तो भरून काढण्याचे काम यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने केले जाते. कानाला हे सुखद आहे. पण भरलेला आवाज हा अंदाज आहे, बोलणाऱ्याने दिलेला शब्द नव्हे. संभाषण जितके गुळगुळीत, तितकी आकड्याविषयी शंका घेण्याची सवय कमी होत जाते.

यावर उपाय त्याच आज्ञावलीत करता येतो, आणि आमच्या मते नवशिक्याने तो प्रथमपासूनच करावा. आवाजासाठी यूडीपीची वाट ठेवावी. तिच्या शेजारी ५०१० या पोर्टवर टीसीपीची दुसरी वाट उघडावी आणि तिच्यावरून केवळ लेखी चिठ्ठी पाठवावी : मालाचा प्रकार, वजन, भाव, तारीख. ती चिठ्ठी दोघांच्या पडद्यावर सारखीच उमटेल. समोरच्याने ती वाचून मान्य केली, तरच तिच्यावर मान्यतेची खूण यावी. टीसीपीची पोच यंत्राने यंत्राला दिलेली असते. माणसाने वाचले याची ती साक्ष नव्हे, म्हणून ही दुसरी खूण आवश्यक आहे. लिहिणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की टीसीपी मजकूर सलग धारेने देते, चिठ्ठ्यांच्या सीमा राखीत नाही. तेव्हा प्रत्येक चिठ्ठीपूर्वी तिची लांबी किती बाइट आहे तो आकडा पाठवावा, म्हणजे घेणाऱ्यास चिठ्ठी कोठे संपते ते कळेल. याशिवाय, मागील पाच सेकंदांत किती खण रिकामे गेले ते मोजून प्रमाण वाढताच पडद्यावर लाल खूण दाखवावी. ऐकणारा सावध होईल आणि आकडा पुन्हा विचारील.

फोनवर बोलून ठरवावे आणि पत्राने पक्के करावे, ही पेढ्यांची जुनी रीत होती. तीच येथे आज्ञावलीच्या रूपाने उतरते.

दुकानाच्या बाहेर

एकाच वायफायवर बोलणे साधले म्हणजे पुढची पायरी परगावची. येथे पहिली अडचण पत्त्याची. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात चालतात. बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा पत्ता दिसतो, आणि मोबाइलच्या जाळ्यात तर अनेक ग्राहकांचा मिळून बाहेर एकच पत्ता असतो. मोठ्या वाड्याच्या दिंडीवरच्या देवडीकऱ्यास आतल्या प्रत्येकाची ओळख असते, परंतु बाहेरून आलेल्या अनोळखी माणसास तो आत सोडीत नाही, तसे हे आहे. यासाठी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला आधी विचारावे की आम्ही तुला कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर दिसतो. दोन्ही पक्षांनी ही माहिती एकमेकांस कळवून एकाच वेळी पुडकी सोडली, तर पुष्कळ वेळा दोन्हीकडील दारे उघडतात. न उघडल्यास मधल्या सर्व्हरमार्फत पुडकी फिरवावी लागतात.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. उघडी पुडकी वाटेतील कोणीही वाचू शकतो. आपले भाव व घरगुती बोलणे असे उघड्यावर ठेवू नये. पुडकी कुलूपबंद करण्याचे प्रमाण २००४ सालापासून उपलब्ध आहे. कुलपाची विद्या मात्र घरी रचू नये, तपासून सिद्ध झालेलीच वापरावी. ज्यांना हे सर्व हाताने करावयाचे नसेल त्यांच्यासाठी ब्राउझरमध्येच वेबआरटीसी नावाची सोय आहे. २०२१ च्या जानेवारीत तिला जागतिक प्रमाणाची मान्यता मिळाली. पत्ता शोधणे, राखीव साठा, प्रतिध्वनी काढणे, कुलूप ही सर्व कामे ती स्वतः करते. तरीही एकदा सर्व हाताने करून पाहिलेल्या विद्यार्थ्यास ती सोय अधिक समजून वापरता येते. कायद्याविषयीही एवढे जाणून असावे की भारतात इंटरनेटवरून बोलण्याच्या सेवेस १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली. परंतु सार्वजनिक दूरध्वनीच्या जाळ्याशी जोडून इतरांस सेवा पुरविणे हा परवान्याचा विषय आहे. आपण वर्णिलेली आज्ञावली दोन संगणकांपुरतीच आहे. कोणाचेही बोलणे त्याच्या संमतीवाचून नोंदवून ठेवू नये, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

तिसरी गोष्ट सभेची. संघाच्या दहा सदस्यांनी एकत्र बोलावयाचे ठरविले आणि प्रत्येकाने इतर नऊ जणांस स्वतंत्र पुडकी पाठविली, तर एकूण नव्वद प्रवाह होतात. त्याऐवजी मध्ये एक सर्व्हर ठेवून प्रत्येकाने त्यालाच पाठवावे. त्याने त्या त्या क्षणाच्या नमुन्यांची बेरीज करावी, आणि प्रत्येकास त्याचा स्वतःचा आवाज वजा करून उरलेली बेरीज परत द्यावी. नव्वदाऐवजी वीस प्रवाहांत काम होते. मात्र १६ बिटांत ३२,७६७ च्या वर आकडा बसत नाही. बेरीज त्यापुढे गेल्यास तेथेच थोपवावी, अन्यथा आवाज फाटतो.

शिकणाऱ्यास अखेरची सूचना अशी की आज्ञावली चांगल्या जाळ्यावर चालली म्हणून समाधान मानू नये. पाठविणाऱ्याच्या कामात एक ओळ घालून दर दहावे पुडके मुद्दाम टाकून द्यावे. मग दर पाचवे. मग लागोपाठ पंधरा. घरच्या वडीलधाऱ्यास दुसऱ्या संगणकावर बसवून दहा भाव वाचून दाखवावेत आणि त्यांनी ऐकलेले दहा भाव कागदावर उतरवून घ्यावेत. त्यानंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून ताळा करावा. कोठे आवाज पुरेसा आहे आणि कोठे चिठ्ठी हवी, हे त्या दोन कागदांवरून जितके स्पष्ट होईल तितके आमच्या या लेखाने होणार नाही.